दुष्काळ, पश्चात्ताप आणि कृपा : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील तीन संज्ञांचा अर्थविचार

१. विषयप्रवेश

नागपूरहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग भंडारा रोड, तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा ही स्थानके मागे टाकीत डोंगरगड व राजनांदगावकडे जातो. १८९३ च्या सुमारास याच मार्गावरील नागपूर-राजनांदगाव प्रवासात नारायण वामन टिळक यांची एका पाश्चात्त्य मिशनऱ्याशी गाठ पडली. बोलणे काव्यावरून धर्मावर गेले आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. अर्वाचीन मराठी ख्रिस्ती काव्याचा उगम सांगताना ही आगगाडीतील भेट वारंवार सांगितली जाते; परंतु ती ज्या भूप्रदेशातून धावणाऱ्या गाडीत घडली, त्याच्या त्या दशकातील स्थितीकडे सहसा लक्ष जात नाही. आजचा गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्या काळी हा सारा धानाचा मुलूख मध्यप्रांतात मोडत असे. टिळकांच्या त्या प्रवासानंतर अवघ्या तीन-चार वर्षांत, १८९६-९७ मध्ये, आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये मध्यप्रांतावर दोन भीषण दुष्काळ कोसळले. १८९१ च्या मानाने १९०१ ची शिरगणती मध्यप्रांतात घटलेली आढळली. याच सुमारास, १८९६ पासून, मुंबई व पुण्याकडे प्लेगने थैमान घातले होते.

अर्वाचीन मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील महत्त्वाचा भाग या आपत्तींच्या छायेत घडला. अशा काळात ‘पाप’, ‘पश्चात्ताप’ आणि ‘कृपा’ हे शब्द केवळ धर्मशास्त्राचे राहत नाहीत. भुकेल्या माणसाला ‘तू पापी आहेस’ असे सांगणे म्हणजे काय? अन्नछत्राच्या दारात झालेला पश्चात्ताप खरा मानावा काय? आणि जी कृपा मुठभर धान्याबरोबर येते ती कृपा की सौदा? हे प्रश्न तत्कालीन टीकाकारांनी विचारले, आणि आजही ते विचारले जातात. त्यांच्या अनुषंगाने या तीन संज्ञांचा मराठीतील अर्थप्रवास पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या प्रश्नांची कसोटी भुकेल्याला नव्हे तर देणाऱ्याला लावावी लागते, आणि तशी ती लावण्याचा आधार ख्रिस्ती विचाराच्या गाभ्यातच आहे, हे येथे दाखवावयाचे आहे.

२. तीन संज्ञा : शब्द आणि अर्थ

मराठीत ‘पाप’ हा शब्द एकटा येत नाही. ‘पुण्य’ हा त्याचा जोडीदार आहे. पापाचा घडा भरतो, पुण्य गाठीशी बांधले जाते, पूर्वसंचित भोगावे लागते, पुण्याई संपते. या सर्व वाक्प्रचारांच्या मुळाशी संचयाची, म्हणजे जमाखर्चाची कल्पना आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या भाषांतरकारांनी ‘पाप’ हा शब्द स्वीकारला, तेव्हा ही खातेवहीदेखील त्याच्यासोबत आली. वास्तविक नव्या करारातील ‘हमार्तिया’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ नेम चुकणे, लक्ष्य हुकणे असा आहे. तेथे पाप म्हणजे प्रथमतः एखादी नोंद नव्हे, तर बिघडलेले नाते होय. मनुष्य देवापासून आणि त्यामुळे शेजाऱ्यापासून दुरावतो, ही त्या विचारातील मूळ अवस्था. वेगवेगळी दुष्कृत्ये ही तिची फळे. म्हणून पापाच्या विरुद्ध टोकाला तेथे पुण्य उभे नाही. कृपा उभी आहे. संचिताची उलटी बाजू दुसरे संचित नव्हे, असे सांगणारा हा विचार आहे. मराठी वाचकाला तो नीट कळण्यास ‘पाप’ या शब्दाची जुनी सोयरीक काही काळ बाजूस ठेवावी लागते.

‘पश्चात्ताप’ या शब्दात ताप आहे आणि तो ‘पश्चात्’ आहे. कृत्य घडून गेल्यानंतर मनाला लागलेली ही आग होय. या शब्दाची नजर मागे आहे. याउलट हिब्रू ‘शूब’ या धातूचा अर्थ वळणे, परत फिरणे असा होतो, आणि ग्रीक ‘मेटानोइया’ म्हणजे मनाची दिशा पालटणे. या दोन्ही शब्दांत पुढे टाकावयाच्या पावलाला महत्त्व आहे. मनुष्य कितीही पोळला, परंतु वळला नाही, तर त्याला मराठीत पश्चात्ताप झाला असे म्हणता येईल. बायबलच्या परिभाषेत मात्र तो अपुरा ठरेल. मराठी ख्रिस्ती लेखकांना हा फरक जाणवत असावा. त्यांच्या गद्यपद्यात पश्चात्तापाचे वर्णन बहुधा एखाद्या कृतीपाशी येऊन थांबते, असे पुढील विवेचनात दिसेल.

‘कृपा’ हा शब्द नव्या करारातील ‘खारिस’साठी रूढ झाला. विनामूल्य, योग्यता न पाहता मिळालेले दान, हा त्यातील मुख्य अर्थ. मराठीत गुरुकृपा, ईश्वरकृपा, कृपादृष्टी, मेहेरबानी अशा अर्थच्छटा शेजारी शेजारी नांदतात. ‘आपल्या कृपेने’ म्हणताना आपण धन्याचे उपकार मानतो, तसे देवाचेही मानतो. कृपा हा शब्द आश्रयदात्याच्या तोंडी गेला की त्यात वरून खाली पाहणारी नजर येते, हा त्याचा धोका आहे. आणि दुष्काळाच्या काळात तो विशेषच जाणवतो.

३. मराठीचा वारसा

या संज्ञा ख्रिस्ती लेखकांच्या हाती कोऱ्या आल्या नव्हत्या. गोंदिया जिल्ह्यातील आमगावनजीकचे पद्मपूर हे भवभूतीचे जन्मस्थान होय, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकातील तिसरा अंक छायांक म्हणून प्रसिद्ध आहे. निरपराध सीतेचा त्याग केलेला राम पंचवटीत येतो, जुन्या खुणा पाहून शोकाने मूर्च्छित होतो. त्याला दिसत नसलेली सीता तेथेच असते. तिच्या हाताच्या स्पर्शाने तो सावध होतो. ज्याच्याकडून अन्याय झाला त्याने क्षमा मागण्यापूर्वीच, जिच्यावर अन्याय झाला तिचा हात त्याला जीवन देतो. या प्रसंगाला ख्रिस्ती अर्थ चिकटविणे चुकीचे ठरेल. तेथे राजधर्म व प्रेम यांचा संघर्ष आहे आणि रस करुण आहे. परंतु अनुताप आणि अनपेक्षित प्रसाद यांचा एक सूक्ष्म संबंध या भूमीतील वाङ्मयीन स्मृतीत फार जुना आहे, एवढे नमूद करण्यास हरकत नसावी.

संतकाव्याचा वारसा याहून निकटचा आहे. स्वतःच्या दोषांची निर्भीड कबुली देणारा, स्वतःला पतित म्हणवून पतितपावनाला शरण जाणारा आत्मस्वर तुकोबांच्या अभंगांनी मराठीला दिला. तुकोबांचे जीवनही दुष्काळाने मोडून घडविले. १६२९-३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी व मुलगा मृत्यू पावले. त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. आपत्तीतून गेलेल्या मनुष्याची अंतर्मुखता येथे दुसऱ्याचे ऋण माफ करण्यात प्रकट झाली. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत पापासाठी ऋणाचीच उपमा आहे, आणि देवाकडे मागितलेली ऋणमुक्ती आपण दुसऱ्याला दिलेल्या ऋणमुक्तीशी तेथे जोडली आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या आशयाचे टिळकांचे उद्गार सर्वश्रुत आहेत. त्या सेतूचा एक खांब या बुडविलेल्या खतांवर उभा आहे, असे म्हणावेसे वाटते.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ मात्र गोव्यात झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ प्रथम १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात आदिपुरुषाच्या पतनापासून ख्रिस्ताच्या चरित्रापर्यंतची कथा पुराणाच्या घाटात येते आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही सहज योजिला जातो. जुनी पुराणे दुरावलेल्या नवख्रिस्तींसाठी हे पुराण रचले गेले. त्या दुराव्यामागे पोर्तुगीज सत्तेची बळजबरी होती, हे विसरता येणार नाही. जिंकणाऱ्याच्या हाती असलेला कृपेचा ग्रंथ जित माणसाला कसा वाचता येईल, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला जन्मापासूनच चिकटलेला आहे. एकोणिसाव्या शतकात बाबा पदमनजी यांनी ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात आपल्या धर्मांतराचा वृत्तांत सांगितला. तेथे शंका, वाचन, वाद आणि निर्णय असा सुशिक्षित मनाचा प्रवास आहे. भूक तेथे नाही. ती रमाबाईंच्या लेखनात येते.

४. आपत्ती आणि ‘कोणाचे पाप?’

दुष्काळात पहिला प्रश्न येतो तो कारणाचा. हे कोणाच्या पापाचे फळ? राजाच्या, गावाच्या, की गेल्या जन्माच्या? पंडिता रमाबाईंच्या बालपणातील कथा या प्रश्नाच्या दृष्टीने विलक्षण बोलकी आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व बहीण मृत्यू पावली. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. कुटुंबाजवळ होते ते द्रव्य तीर्थयात्रा, व्रते आणि दानधर्म यांत खर्च झाले. देवता प्रसन्न होईल आणि दिवस पालटतील ही आशा. अन्न संपले, झाडपाल्यावर दिवस काढले, वडिलांच्या मनात जलसमाधीचा विचार आला. रमाबाईंनी पुढे हे सारे लिहिले, तेव्हा त्यात आईवडिलांविषयी उपहास नाही. आहे ती व्यथा. भरपूर पुण्य जमा करूनही खाते रिकामेच राहिले, हा त्या अनुभवाचा अर्थ त्यांच्या मनात खोल रुतला असावा. पुढे २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि धर्म स्वीकारणे व ख्रिस्ताचा अनुभव येणे या दोन वेगळ्या गोष्टी असून दुसरी आपल्याला बऱ्याच वर्षांनी घडली, असे त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात सांगितले. ख्रिस्ती झाल्यानंतरही त्या काही काळ योग्यतेचाच हिशेब मांडीत होत्या, आणि कृपेचा अर्थ त्यानंतर उमगला, असा या कबुलीचा आशय घेता येतो.

‘कोणाचे पाप?’ या प्रश्नाला शुभवर्तमानांनी दिलेले उत्तर येथे पाहणे आवश्यक आहे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात सिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावल्याचा उल्लेख आहे. ते लोक इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असे विचारून येशू स्वतःच नकार देतो. आणि लगेच ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाचे आवाहन करतो. या दोन वाक्यांची जुळणी वरवर पाहता चमत्कारिक वाटते. परंतु तिच्यात एक निश्चित विचार आहे. आपत्ती हा बळी पडलेल्यांच्या पापाचा पुरावा नव्हे. मात्र ती जिवंत राहिलेल्यांना वळण्याची हाक आहे. पापाची चर्चा मृतांकडून काढून जिवंतांकडे, दुर्बळांकडून काढून समर्थांकडे येथे आणली गेली. या कसोटीवर पाहता, दुष्काळ वा प्लेग हे मूर्तिपूजेबद्दल मिळालेले शासन होय असे सुचविणारा प्रचार, मग तो कोणीही केलेला असो, स्वतःच्याच धर्मग्रंथाशी विसंगत ठरतो.

रमाबाईंची कृती या विचाराशी सुसंगत दिसते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांच्या पुढे गेली. ज्यांना मायबाप नव्हते, ज्यांना दलालांनी हेरले होते, अशा या मुली. त्यांच्यापुढे पापाचा पाढा वाचण्याऐवजी रमाबाईंनी प्रथम स्वयंपाकघर उभारले. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात आपल्या आश्रमातील मुलीच्या वाट्याला आलेल्या वागणुकीबद्दल त्यांनी वृत्तपत्रातून सरकारला जाब विचारला, आणि त्या पत्राची चर्चा ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेली. ज्या राज्यकर्त्यांचा धर्म आणि रमाबाईंचा धर्म नावाने एकच होता, त्यांनाही पापाच्या आरोपातून सूट नव्हती, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे.

संस्थेतील एका विभागाचे नाव आपल्या विषयाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. समाज ज्यांना ‘पतित’ म्हणे, अशा स्त्रियांसाठी केडगावला वेगळे घर होते. त्याचे नाव ‘कृपासदन’. ‘पतिताश्रम’ किंवा ‘पश्चात्तापगृह’ असे नाव देता आले असते. परदेशात त्या काळी तशा नावाच्या संस्था होत्याच. रमाबाईंनी येणारीच्या भूतकाळावरून नाव न ठेवता तिला मिळावयाच्या दानावरून ठेवले. उंबरठा ओलांडताना तिला प्रथम ‘कृपा’ हा शब्द भेटावा, ‘पाप’ नव्हे. कृपा आधी आणि पश्चात्ताप नंतर, हा धर्मशास्त्रातील अवघड सिद्धांत येथे दारावरील पाटीने सांगितला. बायबलचे संपूर्ण मराठी भाषांतर करताना रमाबाईंनी संस्कृतप्रचुर शब्द टाळून सामान्य स्त्रियांना कळेल अशी भाषा आग्रहाने योजिली, ही गोष्ट याच वृत्तीशी जुळते. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी ते काम पुरे केले आणि १९२४ साली ते ग्रंथरूपाने आले.

५. भाकरीसाठी परतलेला मुलगा

तथापि आक्षेप येथेच सुरू होतो. भुकेल्यांना अन्न देऊन त्यांचा बाप्तिस्मा करणे ही कृपा कशी? १८९३ मध्येच शारदासदनावर धर्मांतराचा आरोप होऊन रानडे, भांडारकर यांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले होते. दुष्काळानंतर अशा टीकेला अधिक धार आली. ‘पोटासाठी ख्रिस्ती’ हा शब्दप्रयोग मराठीत निंदाव्यंजक म्हणून रुळला. ख्रिस्ती लेखकांनी याला दिलेली उत्तरे बहुधा धर्मांतरितांच्या प्रामाणिकपणाची ग्वाही देणारी आहेत. ती अपुरी वाटतात. कारण त्यांत प्रश्नाची मांडणी टीकाकाराचीच राहते. भुकेल्याचा हेतू शुद्ध होता की नाही, हेच तपासले जाते.

लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताकडे या संदर्भात नव्याने पाहता येईल. या दृष्टान्तात दुष्काळ आहे, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. मुलगा दूरदेशी जातो, वाटणीचे धन उडवितो. तोच तेथे दुष्काळ पडतो. तो डुकरे राखू लागतो, त्यांच्या खाण्यातल्या शेंगांनी पोट भरावे असे त्याला वाटते. मग त्याला आठवण होते ती पित्याच्या मायेची नव्हे. त्या घरी चाकरांनासुद्धा पोटभर भाकरी मिळते, ही. तो परत फिरतो तो भुकेमुळे. वाटेत म्हणावयाचे कबुलीचे शब्दही तो जुळवून ठेवतो. कडक परीक्षकाच्या दृष्टीने हा पश्चात्ताप संशयास्पद आहे. परंतु पिता परीक्षक नाही. तो मुलाला दुरून पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो. आणि मुलाचे जुळविलेले भाषण पुरते संपण्याआधीच वस्त्र, अंगठी, जोडे मागवितो. चाकराची जागा मागावयास आलेल्याला पुत्राची जागा मिळते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, भुकेतून झालेले परतणे हलक्या प्रतीचे मानण्यास शुभवर्तमानात आधार नाही. भूक हीदेखील मनुष्याला भानावर आणणारी एक वाट आहे. ‘पोटासाठी ख्रिस्ती’ या निंदेत भुकेल्याचा अपमान आहे. जणू आत्मा भरल्यापोटीच्या लोकांनाच असतो. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच कठोर आहे. पित्याने कबुलीजबाब पुरा करून घेतला नाही, अट घातली नाही, भाकरी हाती धरून वाट पाहिली नाही. तेव्हा धान्य देताना ज्याने कोणी बाप्तिस्म्याची अट घातली असेल, त्याने कृपा हा शब्द गमावला. सशर्त कृपा म्हणजे व्यवहार. दोष येथे घेणाऱ्याच्या हेतूत नसून देणाऱ्याच्या हातात आहे. म्हणजेच ‘पोटासाठी ख्रिस्ती’ या आक्षेपातील खरा अंश मिशन-इतिहासावर जातो, दुष्काळपीडितांवर नाही. आणि तो तेथे नेण्याची कसोटी ख्रिस्ती धर्मग्रंथच पुरवितो.

दृष्टान्ताचा शेवट थोरल्या भावावर होतो, हेही विसरू नये. त्याने कधी आज्ञा मोडली नाही. त्याची खातेवही स्वच्छ आहे, आणि म्हणूनच तो अंगणात रुसून उभा आहे. जेवणाची पंगत आत बसली आहे आणि पुण्यवान बाहेर आहे. पश्चात्तापाची गरज आता त्याला आहे.

या विवेचनाला एक मर्यादा आहे. जून १९०५ मध्ये मुक्तिसदनात मोठी धार्मिक जागृती झाली. शेकडो मुलींनी रडत, मोठ्याने प्रार्थना करीत पापांची कबुली दिली, असे वृत्तांत आहेत. त्या मुलींपैकी बहुसंख्य स्वतः अन्यायाच्या बळी होत्या. त्यांनी कबूल केलेल्या पापांत त्यांचे किती आणि इतरांनी त्यांच्यावर लादलेले लाजेचे ओझे किती, हे विचारणे प्राप्त आहे. अशा वृत्तांतांवर त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांची छाया फार दाट असते. अभ्यासकाने ते वाचताना सावध राहावे.

६. शिवाशिव : पापाची समानता

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या चार भागांत प्रसिद्ध झालेल्या (१९३४-३७) आत्मकथनात धर्मशास्त्राची परिभाषा जवळजवळ नाही. तरीही पश्चात्तापाचा सर्वांत विश्वसनीय आलेख तेथेच सापडतो. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळातील त्यांचे सोवळे, पाण्याची घागर, वेगळी चूल, कोणाच्या हातचे काय चालते याची नित्याची तारांबळ, यांचे त्यांनी स्वतःलाच हसत वर्णन केले आहे. आणि मग जातिभेद हा मनुष्यकृत आहे, हे त्यांना एकदा लख्ख उमगते, तेव्हा त्या कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचे ठरवितात. बाप्तिस्मा त्यानंतर येतो. त्यांच्या बाबतीत ‘मेटानोइया’ म्हणजे पाण्याचा पेला होता. अश्रूंचे वर्णन करण्याची त्यांना गरज वाटली नाही. त्यानंतर निराधार मुले या घरात आली, वाढली, हे त्या वळण्याचेच पुढचे पाऊल.

या प्रसंगाचे महत्त्व वैयक्तिक नाही. पूर्वसंचिताच्या विचारात अस्पृश्य म्हणून जन्मलेला मनुष्य जन्मानेच पापफळ भोगणारा ठरतो. नगर भागात व इतरत्र महार-मांग समाजांतून मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांना ‘तुम्ही पापी आहात’ असे सांगण्यात दुहेरी धोका होता. जुन्या ओझ्यावर नवे ओझे चढविले जाण्याची भीती होती. ते शब्द मुक्तिदायक ठरले असतील तर एकाच अर्थाने : ब्राह्मण तितकाच पापी, साहेब तितकाच पापी. ‘सर्वांनी पाप केले’ हा पौलाचा विचार समतेचा विचार म्हणूनही वाचता येतो. मात्र चर्चमध्येही जात शिल्लक राहिली, बसण्याच्या जागा व विवाहसंबंध यांत ती दिसत राहिली, हे दलित ख्रिस्ती विचारवंतांनी पुढे परखडपणे मांडले. ज्या मंडळीने कृपेचा उच्चार केला आणि पंगत वेगळी ठेवली, ती थोरल्या भावाच्या अंगणातच उभी राहिली, असे म्हणणे भाग आहे.

टिळकांच्या भक्तिकाव्यात याच विचाराचे भावरूप दिसते. त्यांनी ख्रिस्ताला गुरू म्हटले, माउली म्हटले. अभंगाचा छंद व विठूमाउलीची परंपरा यांतून हा शब्द आला आणि त्याने कृपेतील धनीपण वितळविले. आईचे देणे उपकार म्हणून मोजले जात नाही. कृपा या शब्दातील आश्रयदात्याची नजर टाळण्यास मराठीला ‘माउली’ हा शब्द उपयोगी पडला, हे टिळकांचे मराठी ख्रिस्ती विचाराला मोठेच देणे होय.

७. एक गंभीर मतभेद

विदर्भात बसून या विषयावर लिहिताना १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा दृष्टिआड करता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धाला मोक्षदाता न मानता मार्गदाता मानले. गोंदिया-भंडारा भागातील मोठा समाज या विचाराने उभा राहिला आहे. त्याच्या दृष्टीने कृपेची भाषा परावलंबन शिकविते. ज्याला शतकानुशतके दयेवर जगविले, त्याला हक्क हवा, कृपा नको. हा आक्षेप शब्दच्छलाने दूर होणारा नाही. एवढेच म्हणता येईल की, कृपेला हक्काच्या जागी उभे केले तर ती अन्यायाची भागीदार होते. मजुराची मजुरी देणे ही कृपा नव्हे. ते ऋण फेडणे होय. जेथे ऋण आहे तेथे ते फेडावे, आणि जेथे हिशेब सरतो तेथेच कृपेने बोलावे. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांनी ‘हरित वसई’च्या लढ्यात भूमी व पाणी यांचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा पापाची संकल्पना व्यक्तीच्या खासगी सदाचारातून काढून सार्वजनिक व्यवहारात आणली. मराठी ख्रिस्ती विचार या आक्षेपाला उत्तर देऊ शकतो तो या दिशेने.

८. समारोप

२०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातून छत्तीसगड-ओडिशाकडे मजूर पायी निघाले, तेव्हा देवरीवरून जाणारा महामार्ग पुन्हा एकदा भुकेल्यांची वाट झाला. साथीचे पाप कोणाचे, हा जुना प्रश्नही पुन्हा उठला. कधी एखाद्या समाजाकडे, कधी शहरातून गावी परतणाऱ्याकडे बोट दाखविले गेले. त्या वेळी ज्यांनी रस्त्यावर भाकरी आणून ठेवली आणि घेणाऱ्याचे नाव-गाव विचारले नाही, त्यांना कोणत्या धर्माची परिभाषा अवगत होती, हे गौण आहे.

पाप, पश्चात्ताप व कृपा या संज्ञांचा मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील अर्थ आपत्तीच्या काळात अधिक स्पष्ट होतो, तो असा. आपत्ती हा पीडितांच्या पापाचा पुरावा नव्हे. पश्चात्ताप म्हणजे केवळ ताप नव्हे, वळणे होय. आणि ते बुडविलेल्या खतात, परक्याच्या हातून घेतलेल्या पाण्यात, सत्तेला विचारलेल्या जाबात दिसते. कृपा ही पश्चात्तापाची मजुरी नसून त्याच्या आधीची गोष्ट आहे. तिला अट लागताच ती संपते. म्हणून संकटकाळी सचोटीची परीक्षा घ्यावयाची असेल तर ती ज्याच्या हाती धान्य आहे त्याची घ्यावी. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे पुढील वाचन या कसोटीवर झाल्यास त्यातील तेज आणि उणिवा दोन्ही अधिक नेमकेपणाने ध्यानात येतील, असे वाटते.